चालत्या बिऱ्हाडाचा विमा

(चिंचपाडा परिसरातील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



नवापूर तालुक्यातील चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गाव. या पट्ट्यातील कितीतरी आदिवासी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत बारडोलीकडे जातात. भांडीकुंडी, धान्य, कोयते, लेकरे असे सारे मालमोटारीत वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते आणि पुढले काही महिने फडालगतच्या पालात जातात. परदेशात मोटारघरात बारमाही राहणारे लोक वाहन, सामान व माणसे यांचा विमा पारखून घेतात. येथे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. निघताना विम्याची आठवण क्वचितच होते.

‘गाडीचा विमा आहे’ या उत्तरावर कोणी विसंबू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे खरा. परंतु मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांच्या भरपाईचा भार विमा कंपनीवर पडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. म्हणून गाडीचे कागद पाहावेतच, पण भिस्त माणसाच्या स्वतःच्या विम्यावर ठेवावी.

तो महागही नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारास वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. एक हात किंवा पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख. कोयत्याने बोट तुटले तर मात्र काही मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. जीवन ज्योती विमा योजनेत ४३६ रुपयांत आजाराने आलेला मृत्यूही धरला जातो. तिच्यात प्रवेशाचे वय १८ ते ५० आहे. सोबत निघालेली लेकरे दोन्ही योजनांच्या बाहेरच राहतात.

खरी अडचण रकमेची नसून वेळेची आहे. विमावर्ष १ जूनला सुरू होते व हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप वळता होतो. नेमके तेव्हा फडावरून परतलेल्या कुटुंबाचे खाते रिते असते. मजुरी उचलीत वळती झालेली, उरलेसुरले बियाण्यात गेलेले. विमा खंडित होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. ग्रामपंचायतीने मे महिन्याच्या मध्यावर दवंडी पिटावी. शिक्षकांनी पालकांची पासबुके पाहून द्यावीत. दोन्ही योजनांचे मिळून ४५६ रुपये खात्यात हवेत. तेव्हा चुकले तर दिवाळीपूर्वी, बिऱ्हाड हलण्याआधी, पुन्हा नोंदणी करता येते. मात्र जीवन ज्योतीत नव्याने आलेल्यास पहिले ३० दिवस केवळ अपघाती मृत्यूचेच संरक्षण असते.

दाव्याचे कागद जेथे दुर्घटना घडते तेथेच तयार होतात. रस्त्यावरील अपघातास पोलिसांतील फिर्याद व शवविच्छेदन अहवाल लागतो; सर्पदंशास रुग्णालयाची तात्काळ नोंद चालते. शोकाच्या घाईत मृतदेह थेट गावी आणला की हे कागद मागे राहतात आणि दावा अडतो. मुकादमास हे निघण्यापूर्वीच समजावून द्यावे. पतिपत्नी दोघेही फडावर असतात, तेव्हा पासबुकाची एक प्रत गावी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे असावी.