रक्ताचा जमाखर्च
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



चिटणिसांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी संकोचलो. कारण जे सांगावयाचे, ते मी आपणांपासून चार वर्षे लपवून ठेविले होते.

२०१६ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी माझे रक्त तपासले, तो पांढऱ्या पेशी प्रमाणाबाहेर निघाल्या. निदान झाले ते क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या संथ कर्करोगाचे. हा विकार बहुधा उतारवयात जडतो. यात एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी वेळेवर मरत नाहीत, साचत जातात.

"औषध केव्हा सुरू करावयाचे?" मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "तूर्त नाही." मला ती हेळसांड वाटली. परंतु त्यांनी समजाविले की, त्रास नसताना आरंभीच क्लोरँब्युसिल देऊन आयुष्य वाढत नाही, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचण्यांत दिसून आले. कित्येकांना जन्मभर उपचार लागतही नाहीत. लागलेच तर आता पोटात घेण्याच्या परिणामकारक गोळ्या आहेत.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी, रक्त तपासून आकडे वहीत मांडतो. उभा जन्म पेढीवर जमाखर्च लिहिण्यात गेला, तो अनुभव येथे कामी आला. एका आकड्याने घाबरू नये, ओघ पाहावा. मात्र लिम्फोसाइटांचा आकडा सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाला, हिमोग्लोबिन वा प्लेटलेट घसरू लागले, गाठी वाढल्या, अकारण वजन घटले, रात्री कपडे भिजण्याइतका घाम येऊ लागला, तर विलंब करू नये. ताप अंगावर काढू नये. लसी डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

हे सारे निभले. निभले नाही ते लपविणे. कन्येच्या विवाहाची बोलणी चालली होती. "रक्तात दोष" असा बोभाटा होईल, या धास्तीने मी बँकेचे काम सांगून रुग्णालयात जात असे. एके दिवशी तेथील बाकावर आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ भेटले. हाती तशीच फाईल. दोघांनीही ओळख दाखविली नाही. ते पुन्हा तेथे दिसले नाहीत. तपासणी सोडली की रुग्णालय बदलले, मला आजतागायत ठाऊक नाही. मात्र त्या दिवशीचे माझे मौन मला अजून टोचते.

त्यानंतर मी वरपक्षास सर्व सांगितले : हा रोग संसर्गाने होत नाही, जवळच्या आप्तांत अधिक आढळतो, तरी बहुतेकांच्या मुलाबाळांना होत नाही. व्याही म्हणाले, "पुढच्या तपासणीला मी येतो." ते आले, आणि २०२० च्या आरंभी विवाह झाला.

बंधुभगिनींनो, आपण स्थळे जुळवितो, विद्यार्थ्यांस साहाय्य करितो. त्या बाकावर कोणी ज्ञातिबांधव दिसला, तर त्याच्या शेजारी जाऊन बसावे, एवढीच माझी विनंती आहे.