क्रॅश थांबला, पण बग गेला का?

आज एका दोन ओळींच्या पॅचची गोष्ट सांगणार आहे. दोनच ओळी. मी त्या पाच मिनिटांत ॲप्रूव्ह केल्या आणि तिथेच चुकले.

आधी थोडं बॅकग्राउंड. स्टोरेज ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क यांच्यामधला निरोप्या. "अमुक ब्लॉक वाचून दे" हे डिस्कला सांगायचं आणि उत्तर आलं की मागणाऱ्याला कळवायचं, हे त्याचं काम. तुमच्या फोनमध्येही असा एक असतोच.

आमच्या ड्रायव्हरमुळे लोड वाढला की कधीकधी अख्खं मशीन क्रॅश व्हायचं. लॉगमध्ये नल पॉइंटर. टीममधल्या एका सीनियरने फिक्स पाठवला: डिस्कचं उत्तर आलं, पण त्या नंबरची रिक्वेस्ट नल असेल, तर काही न करता परत फिरायचं. शुक्रवारची संध्याकाळ, सोमवारी रिलीज. आदल्या रात्रभर टेस्ट चालली होती, एकही क्रॅश नाही. मी बटण दाबलं आणि निघाले.

घरी जाताना मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. रिक्वेस्ट नल झालीच कशी? डिस्क उत्तर देतेय म्हणजे कोणीतरी काम दिलं होतं. मग तो मागणारा गेला कुठे?

समजा, तुम्ही मिसळ खायला गेलात. काउंटरवर १७ नंबरचं टोकन मिळालं. किचनला उशीर झाला, तुम्ही वैतागून टोकन परत दिलंत आणि गेलात. थोड्या वेळाने किचनमधून आवाज येतो, "सतरा!" आता घेणारा कोणीच नाही. आमचा ड्रायव्हर इथेच कोसळत होता. डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही की तो टाइमआउट करून नंबर लगेच मोकळा करायचा. पण डिस्कला "ती ऑर्डर कॅन्सल" असं कोणी सांगतच नव्हतं.

पॅच म्हणत होता, कोणी नसेल तर प्लेट परत न्या. ठीक आहे. पण तेवढ्यात १७ नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलेला असेल तर? तो बिचारा पोहे मागून बसलाय आणि त्याच्यासमोर तुमची मिसळ!

ड्रायव्हरच्या भाषेत याचा अर्थ असा, की जुनं उत्तर नव्या रिक्वेस्टच्या नावावर जमा होतं. ॲपला कळतं "वाचून झालं", प्रत्यक्षात मेमरीत भलताच डेटा असतो. किंवा "लिहून झालं", आणि डिस्कवर अजून काहीच गेलेलं नसतं. एरर नाही, क्रॅश नाही. सगळं हिरवं.

शनिवारी मुद्दाम उशिरा उत्तर देणारं एक नकली डिव्हाइस बनवलं. प्रत्येक ब्लॉकमध्ये त्याचा स्वतःचा नंबर लिहायचा, मग वाचून ताडून पाहायचा. पॅच लावला होता. मशीन मस्त चालू राहिलं आणि ब्लॉकमधले नंबर चुकीचे निघाले.

मी ॲप्रूव्हल मागे घेतलं आणि टेस्टचा निकाल जोडला. सीनियरचा पहिला प्रश्न रास्त होता, "हे प्रत्यक्षात कितीदा होणार?" यावर मी म्हटलं, उशिरा उत्तरं येतात हे क्रॅशनेच सिद्ध केलंय. नंबर रिकामा असेल तर क्रॅश, भरलेला असेल तर चुकीचा डेटा. आणि लोड जास्त असताना नंबर भरलेला असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे जे क्रॅश आपल्याला दिसले, ते बरे म्हणायचे. न दिसता काय काय झालं असेल? यावर तो दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "रिलीज थांबवूया."

खरा फिक्स दोन भागांत झाला. एक, डिस्क ती ऑर्डर आता देणार नाही याची खात्री होईपर्यंत नंबर मोकळाच करायचा नाही. लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हरही टाइमआउट झाल्यावर आधी ॲबॉर्ट पाठवतो आणि तेवढ्याने भागलं नाही तर कंट्रोलर रीसेट करतो. दोन, टोकनला नंबरासोबत रंग द्यायचा. ही कल्पनाही तिथलीच. २०२१ मध्ये त्या ड्रायव्हरमध्ये १६ बिटांच्या कमांड आयडीतले वरचे ४ बिट पिढी मोजायला दिले, नंबरासाठी उरले १२. नंबर पुन्हा वापरला की पिढी बदलते, त्यामुळे "सतरा, लाल" चं उत्तर "सतरा, निळा" ला जात नाही. मात्र रंग १६च, पुढे ते पुन्हा फिरून येतात. म्हणून एकट्या रंगावर विसंबायचं नाही, पहिला भाग हवाच.

तेव्हापासून क्रॅशचा फिक्स रिव्ह्यूला आला की मी तीन गोष्टी विचारते. ही अवस्था आलीच कशी? चेक आणि वापर यांच्यामध्ये दुसरा कोणी घुसू शकतो का? आणि क्रॅश झाला नाही, तर त्याच्या जागी काय होईल? तिसऱ्याचं उत्तर पॅच पाठवणाऱ्याकडे नसेल, तर मी ॲप्रूव्ह करत नाही. मग तो कितीही सीनियर असो.

तुम्हीही असं एखादं ॲप्रूव्हल मागे घेतलं असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!