डायलिसिसच्या खोक्यांचं मखर

गिरगावच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आणि घरात पेरिटोनियल डायलिसिसचा रुग्ण. अनेकांना दोन लिटरच्या चार पिशव्यांतला द्राव रोज पोटात सोडावा लागतो, म्हणजे महिन्याला सुमारे 240 लिटर. तो येतो पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. भरलेली खोकी पलंगाखाली कशीबशी मावतात. रिकामी थेट जिन्यापर्यंत जातात!

हा पुठ्ठा चांगला दणकट असतो. मार्च 2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली आणि लालबाग-परळच्या घरोघरी गणपतीच्या मखरासाठी पुठ्ठ्याकडे लक्ष गेलं. नानासाहेब शेंडकरांच्या ‘उत्सवी’ या संस्थेने तर त्याआधीच पुठ्ठ्याची घडीची मखरं आणली होती. घरी खांब करताना पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या ठेवल्या की खांब वाकलाच. खळही पातळ नको, पुठ्ठा फुगतो.

वापरलेल्या पिशव्या आणि नळ्या मात्र या खोक्यांच्या ढिगात अजिबात नकोत. त्यांचं काय करायचं, ते डायलिसिस केंद्रातल्या सिस्टरना विचारावं.

उरलेली खोकी चिकटपट्टी सोलून, चपटी करून, कोरडी असतानाच रद्दीवाल्याला द्यावीत. त्याआधी नाव-पत्त्याचं लेबल फाडावं. चाळीत तसंही सगळ्यांना सगळं कळतंच, पण निदान औषधाचा तपशील तरी घरात राहू दे.