साथीतील हजेरीचे मोल



१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि पुढील चार-पाच महिन्यांत, १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे सव्वाआठ लाखांची वस्ती असलेल्या त्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसे मिळेल त्या आगगाडीने आणि मिळेल त्या गलबताने आपापल्या मुलखात पांगली, हा इतिहास आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जे गेले त्यांच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. जे मागे राहिले, ज्यांनी शहराचे रस्ते झाडले, साचे चालविले, रुग्ण उचलले, त्यांच्याविषयी आज मला बोलावयाचे आहे. आणि त्यांच्या धैर्याची थोरवी मला पूर्णपणे मान्य असली, तरी माझा आजचा विषय त्यांचा पगार हा आहे.

त्या हिवाळ्यात ज्यांच्या राहण्यावर मुंबई तगून होती, त्यांत पहिले नाव घ्यावे लागते ते म्युनिसिपालिटीच्या झाडूवाल्यांचे आणि मैला वाहणाऱ्या हलालखोरांचे. तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी या साथीवर जो अहवाल लिहिला, त्यात त्यांची एक धास्ती स्पष्ट नमूद आहे, ती अशी की हा वर्ग जर शहर सोडून निघून गेला, तर मुंबई मनुष्यवस्तीस अयोग्य होऊन बसेल; आणि या धास्तीचे वजन एवढे होते की रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा आपला हुकूम कमिशनरांना सौम्य करावा लागला. ज्या माणसांना एरवी कोणी दारात उभे करीत नसे, त्यांच्या जाण्याचे भय साऱ्या शहराच्या कारभाऱ्याला वाटावे, यावरून त्यांच्या श्रमावर शहराचे किती ओझे होते हे उघड होते.

गिरण्यांत याहूनही बोलका प्रकार घडला. त्या काळी गिरणीकामगाराचा पगार महिना भरताच हाती पडत नसे. केलेल्या कामाचे पैसे पुढील महिन्यात कितीतरी दिवस अडकवून ठेवावयाचे, आणि मध्येच काम सोडणाऱ्याला त्या पैशांवर पाणी सोडावयास लावावयाचे, असा मालकांचा शिरस्ता होता. प्लेगने मजूर दुर्मिळ होताच तो एकाएकी कोलमडला. माणसे हवीत म्हणून एका गिरणीने दुसरीहून अधिक देऊ करावे, नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागावी, आणि दिवसाची मजुरी त्याच दिवशी रोख हातावर पडावी, असे १८९७ च्या आरंभी घडले. आपल्या श्रमाचा भाव स्वतः सांगण्याची संधी कामगाराला मिळाली ती अशी, शेजारच्या चाळीतून प्रेते निघत असताना. मालकांनी ही रोजच्या रोखीची पद्धत मनापासून कधीच पत्करली नाही. ती मोडून काढण्याचा प्रयत्न त्यांच्या संघाने केला, आणि गावी गेलेली माणसे परतून मजुरांची वाण संपली, तशी जुनी मासिक पद्धत थकबाकीसकट पुन्हा रूढ झाली. टंचाईने मिळालेला न्याय टंचाईबरोबरच गेला, आणि माझ्या आजच्या सर्व म्हणण्याचा पाया हा एवढाच आहे की जो हक्क आपत्तीच्या ऐन भरात केवळ अडचणीपोटी मान्य होतो, त्याला नियमाचे रूप दिले नाही, तर आपत्ती सरल्यावर तो कोणाच्याही दफ्तरी सापडत नाही.

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १८८४ मध्ये त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या कमिशनपुढे मांडले. त्यात रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. पण त्याचबरोबर आणखी दोन मागण्या होत्या, ज्यांचा उल्लेख आपण क्वचितच करतो. एक ही, की महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि दुसरी ही, की कामावर जबर इजा झालेल्या मनुष्यास तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या उपजीविकेची तजवीज व्हावी. रविवारची सुटी १८९० मध्ये पदरात पडली. पगाराच्या तारखेला कायद्याचे बंधन येण्यास मात्र १९३६ साल उजाडावे लागले. लोखंडे स्वतः प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत असताना त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी निवर्तले. कामापायी ओढवलेल्या दुखण्याचा काळ हा कामाचाच काळ समजावा, हे त्यांच्या मागणीतील तत्त्व साथीतील वेतनाचा विचार करताना मला आजही सर्वांत मूलभूत वाटते.

लोखंड्यांच्या मृत्यूच्या पाचच दिवस आधी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग अधिनियम अमलात आला होता. चार कलमांच्या त्या आटोपशीर कायद्याने सरकारला तपासणीचे, अटकावाचे आणि विलगीकरणाचे व्यापक अधिकार दिले, आणि सद्बुद्धीने काम करणाऱ्या अंमलदारांवर दावा चालू नये अशीही व्यवस्था केली. हाच कायदा १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती होऊन, आरोग्यसेवकास गंभीर इजा करणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरली, आणि ती दुरुस्ती निःसंशय आवश्यक होती. परंतु या कायद्याच्या हुकमाने जी माणसे कामावर बोलाविली जातात, त्यांना त्या कामाचे काय द्यावयाचे याविषयी १८९७ मध्ये त्यात एक अक्षर नव्हते, आणि आजही नाही.

मग २०२० मध्ये काय झाले? २२ मार्चच्या सायंकाळी पाच वाजता आपण सज्जांत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या, आणि मी असे मानतो की त्या नादात खरी कृतज्ञता होती. ३१ मार्चला राज्याच्या खजिन्याची ओढगस्त ध्यानी घेऊन सरकारी नोकरांचे मार्चचे वेतन दोन टप्प्यांत देण्याचे ठरले, त्यात अ आणि ब वर्गांना तूर्त निम्मे, क वर्गाला ७५ टक्के आणि ड वर्गाला पुरते वेतन असा क्रम लावण्यात आला. तंगीचा भार वरच्यांनी अधिक सोसावा, हे त्या आदेशातील तत्त्व न्याय्य होते हे मी मोकळ्या मनाने सांगतो. त्याच सुमारास, ३० मार्चपासून, केंद्र सरकारने करोनाशी झुंजणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना केली, आणि या योजनेची थोरवी अशी की तिने डॉक्टर आणि परिचारिका यांच्या रांगेत कंत्राटी कामगार, रोजंदार आणि आशा स्वयंसेविका यांनाही बसविले. कामावर असता मृत्यू आल्यास प्रत्येकाच्या घरी पोचणारी रक्कम एकच होती. म्हणजे जोखीम सर्वांची समान आहे, हे सरकारने स्वतः लेखी कबूल केले होते.

या कबुलीचा तार्किक शेवट असा व्हावयास हवा होता, की त्याच जोखमीत जो मनुष्य जिवंत राहून महिनाभर राबला, त्याच्या जोखमीचा मोबदलाही समान असावा. तो झाला नाही. मुंबई महानगरपालिकेने त्या दिवसांत हजर राहणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना दिवसाला ३०० रुपयांचा भत्ता जाहीर केला. केंद्राने आशांना करोनाच्या कामासाठी जी जादा रक्कम ठरविली, ती महिन्याला १००० रुपये होती, म्हणजे दिवसाकाठी तेहेतीस रुपये.

आशांची गोष्ट मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण साथीच्या वेतनातील सारा अन्याय तीत एकवटलेला आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही व्यवस्था निघाली; साधारण एक हजार लोकवस्तीमागे गावातीलच एक स्त्री, आणि तिला मासिक पगार नसून कामागणिक मोबदला, म्हणजे दवाखान्यातील प्रसूतीमागे इतके, लसीकरणाच्या सत्रामागे इतके. साथीच्या काळात ही कामे मंदावली आणि त्यांबरोबर तो मोबदलाही रोडावला. पण कामाचा दिवस मात्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाढला. मुंबई-पुण्याहून परतलेल्यांची नोंद तिने करावयाची, घरोघर ताप पाहावयाचा, १५ सप्टेंबर २०२० पासून सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत प्राणवायूची पातळी मोजावयाची, आणि ज्या घरात संशयित निघेल त्या घराचा रागही तिनेच सोसावयाचा. जुलै २०२० पासून राज्याने तिच्या मानधनात २००० रुपयांची वाढ केली, ही गोष्ट सांगितली पाहिजे. तरीही जून २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ओसरत्या काळी, राज्यातील आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक यांना संप करावा लागला, आणि तो मिटला तो १००० रुपयांची वाढ व ५०० रुपयांचा कोविड भत्ता यांवर. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याच गौरवांकित स्त्रिया मुंबईच्या आझाद मैदानावर उघड्यावर बसल्या होत्या. लहान मुलांना गावी ठेवून आलेल्या त्या बायका मार्चपर्यंत तेथून हलल्या नाहीत, तेव्हा ५००० रुपयांच्या वाढीचा निर्णय झाला. ही वाढ मिळाली याचा मला आनंद आहे. पण साथीतील कामाची दाद साथ संपून गेल्यावर, मैदानात आठवडेच्या आठवडे बसून मिळवावी लागते, याची मला मनापासून लाज वाटते.

दुसरा वर्ग कंत्राटी कामगारांचा. एकाच रुग्णालयाच्या एकाच कक्षात, एकाच पाळीत, दोन वॉर्डबॉय एकाच खाटेवरील रुग्णाला दोन बाजूंनी उचलतात. एक कायम, दुसरा ठेकेदाराचा. दोघांनाही बाधा होते, दोघेही चौदा दिवस विलगीकरणात राहतात. पहिल्याचे ते दिवस रजेत किंवा कामात धरले जातात, दुसऱ्याचे खाडे पडतात. हे मी अशा कामगारांच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, नेहमीचीच गोष्ट सांगावी तसे सांगितले, म्हणून ते मला अधिक लागले. वास्तविक १९७० चा कंत्राटी कामगार अधिनियम आणि त्याखालील नियम यांचा आशय असा होता, की कंत्राटी कामगार जर मूळ मालकाच्या कामगारासारखेच काम करीत असेल, तर त्याला वेतनही तेच मिळावे. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाबातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समान कामास समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या सरकारी नोकरांनाही लागू केले. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजराथेतील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी, मानधन घेणाऱ्या या स्त्रियाही उपदानास पात्र आहेत, असा निवाडा दिला. तेव्हा कायद्याची दिशा स्पष्ट आहे. साथीच्या धामधुमीत तो कायदा हजेरीपुस्तकापर्यंत पोचत नाही, एवढेच.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो, की सेवेला किंमत लावू नये, कर्तव्याचा सौदा करू नये. हा आक्षेप घेणाऱ्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. पण सैनिकाला दुर्गम ठाण्यावर भत्ता मिळतो, म्हणून त्याचे कर्तव्य कमी पवित्र ठरत नाही. मग रुग्णाची घाण काढणाऱ्या हाताचेच कर्तव्य भत्त्याने का विटाळावे? दुसरा आक्षेप खजिन्याचा, आणि तो खरोखर वजनदार आहे, कारण साथीत महसूल आटतो. तथापि फ्रान्समध्येही महसूल आटला होता, आणि तेथे जुलै २०२० मध्ये रुग्णालयांतील परिचारिका व इतर नोकरवर्ग यांच्या पगारात महिना १८३ युरोंची कायमची वाढ मान्य झाली. आधी दिलेल्या एकवेळच्या बक्षिसावर तेथील कामगार-संघांनी समाधान मानले नाही, आणि ते योग्यच केले.

आपल्याकडील हिशेब मांडणेही अवघड नाही. महाराष्ट्रातील आशांची संख्या सत्तर हजारांच्या घरात आहे. मुंबईच्या पालिकेचाच ३०० रुपयांचा दर त्यांना लावला, तर दिवसाला २ कोटी १० लाख, महिन्याला ६३ कोटी रुपये होतात. ही रक्कम लहान नाही. परंतु साथरोग अधिनियम ज्या महिन्यांत प्रत्यक्ष अमलात असेल, त्या महिन्यांपुरतीच ती लागावयाची आहे, आणि तिची तरतूद आज, साथ नसताना, शांतपणे करता येण्यासारखी आहे. त्यासाठी त्या जुन्या कायद्यात एका कलमाची भर पडावी असे माझे म्हणणे आहे: अधिनियम लागू झाल्याच्या दिवसापासून, बोलाविलेल्या प्रत्येक व्यक्तीला, ती कायम असो, कंत्राटी असो वा मानधनावर असो, एकाच दराने जोखीमभत्ता आपोआप सुरू व्हावा, विलगीकरणाचे दिवस हजेरीत धरावेत, ठेकेदाराने पैसे न दिल्यास ते मूळ मालकाकडून वसूल व्हावेत, आणि हजेरीपुस्तक ठेकेदाराच्या हाती न राहता रुग्णालयाच्या, पालिकेच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दफ्तरी, रोजच्या सहीनिशी राहावे, म्हणजे त्या दिवसांत कामावर कोण होते हे सिद्ध करण्याचा बोजा पुढे काम करणाऱ्यावरच येऊन पडणार नाही.