अधिवास, घटस्फोट आणि न्यायालयाची हद्द



‘डोमिसाइल’ हा शब्द आपल्या सीमाभागाला नवा नाही. मुलाच्या प्रवेशाचा अर्ज भरावयाचा म्हटले की त्या दाखल्यासाठी धावपळ आलीच. परंतु विवाहाच्या कायद्यातील अधिवास ही निराळी गोष्ट आहे. एखाद्या देशात वास्तव्य आणि तेथेच कायम राहण्याचा निश्चय, या दोहोंच्या मिलाफाने तो सिद्ध होतो. तो कोणत्याही कचेरीच्या शिक्क्याने मिळत नाही.

मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी केली. बेळगाव जिल्हा त्या वेळी त्याच प्रांतात होता आणि सभोवती सांगली, कोल्हापूर, सावंतवाडी अशी संस्थाने होती. हद्द ओलांडून दुसरे लग्न उरकण्याची वाट बंद व्हावी म्हणून मुंबईत अधिवास असणाऱ्याने प्रांताबाहेर केलेला विवाहही त्या कायद्याने रद्द ठरविला. १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भाग टिकू दिला नाही. भारतीयाचा अधिवास एकच, तो भारताचा. ‘मुंबई राज्याचा अधिवास’ अशी वस्तूच कायद्यात नाही, असा त्याचा आशय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले राज्य बदलले, पण या अर्थाने कोणाचाही अधिवास बदलला नाही!

परदेशाची गोष्ट मात्र वेगळी. प्रिव्ही कौन्सिलने १८९५ साली सिलोनच्या एका दाव्यात घटस्फोटाचा अधिकार अधिवासाच्या देशाकडे दिला. ऐकावयास हे ठीक, पण त्या काळी पत्नीचा अधिवास पतीच्या मागोमाग जाई. तो जेथे स्थिरावेल, तेथील न्यायालय तिचे! इंग्लंडने ही रूढी १९७३ च्या कायद्याने मोडली.

आपल्याकडे कळीचा निकाल १९९१ चा. तिरुपतीला १९७५ साली विवाह झालेल्या एका गृहस्थाने अमेरिकेत मिसुरीच्या न्यायालयाकडून, तेथील नव्वद दिवसांच्या वास्तव्याच्या आधारावर, घटस्फोट मिळविला. कारण कोणते? विवाह मोडकळीस आला, एवढेच; हिंदू विवाह कायद्यात ते कारण नाही. पुढे त्याने दुसरे लग्न केले. पत्नीने येथून निषेध नोंदवून उत्तर पाठविले होते. तेवढ्याने तिने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला असे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ज्या कायद्याखाली विवाह झाला, त्याच कायद्याप्रमाणे अधिकार आणि कारण दोन्ही हवीत. अपवाद थोडे : प्रतिवादी त्या देशाची अधिवासी अथवा कायमची रहिवासी असेल, तिने स्वेच्छेने व प्रत्यक्ष दाव्यात भाग घेतला असेल, किंवा तिची संमती असेल. मला हा निकाल न्यायाचा वाटतो. नव्वद दिवस म्हणजे आपल्याकडे एक पावसाळाही होत नाही.

दुसरा दावा वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातला. दांपत्याने स्वीडनचे नागरिकत्व घेतले होते; पुढे पती सिडनीत नोकरी करी. आपला अधिवास ऑस्ट्रेलियाचा, म्हणून येथे दावा चालणार नाही, असे त्याचे म्हणणे. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. तात्पुरत्या परवान्यावरील मुक्कामातून कायमचा निश्चय सिद्ध होत नाही; तो सिद्ध न झाल्यास भारतीय अधिवासच धरावा लागतो, आणि तो असणाऱ्या हिंदूंस विवाह कायदा परदेशातही लागू राहतो. नागरिकत्व म्हणजे अधिवास नव्हे, हे आपल्या घरांतून नीट समजावे.

मग टिळकवाडीतल्या मुलीने अर्ज करावा कोठे? १९५५ च्या कायद्याने विवाहाचे ठिकाण, दोघांचे वास्तव्य, दोघांचे शेवटचे एकत्र राहणे, असे पर्याय दिले. पुढे प्रतिवादीच्या वास्तव्याचे, आणि प्रतिवादी परदेशी असल्यास अर्जदाराच्या वास्तव्याचे ठिकाणही चालू लागले. पत्नी जेथे राहते तेथेच तिला सर्व प्रसंगी दावा आणता येईल, ही तरतूद २००३ साली आली. त्यास अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

परदेशातून समन्स आले तर ते पेटीत ठेवून देऊ नये, आणि घाईने तेथे वकील देऊन गुणदोषांवर वादही घालू नये, कारण तसे केल्यास अधिकार मान्य केल्यासारखे होते. हरकत लेखी नोंदवावी आणि येथील वकिलाचा सल्ला घ्यावा. मात्र पतीचा पगार व घर तेथेच असेल, तर येथील पोटगीच्या हुकुमाची अंमलबजावणी त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून राहते.