डोळ्यांच्या उड्या आणि घडीभराची आठवण

गुरुजींनी प्रश्न विचारला की बरीच मुले उत्तर देण्याआधी आढ्याकडे पाहतात. मग गुरुजी म्हणतात, "वर काय बघतोस? उत्तर काय आढ्याला चिकटवलंय?" वर्ग हसतो, मूल ओशाळते, आणि ओठांवर आलेले उत्तरही निसटून जाते. आज त्या मुलाची वकिली करायची आहे. पण त्याआधी डोळा कसा चालतो ते पाहू.

आपल्याला वाटते, नांगराच्या तासासारखी नजर सरळ एका रेषेत जाते. तसे नाही. ओळ वाचताना किंवा शेत न्याहाळताना डोळा टोळासारख्या उड्या मारतो. एक उडी, क्षणभर मुक्काम, पुन्हा उडी. सेकंदाला साधारण तीन. पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास वाचणाऱ्यांच्या बाबतीत हे ध्यानात आले. गंमत अशी, की उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. खरे वाटत नसेल तर आरसा घ्या. आधी आपल्याच डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्याकडे. डोळे हललेले तुम्हाला दिसायचे नाहीत. शेजारी उभा असलेल्याला मात्र स्वच्छ दिसतील.

म्हणजे समोरचे दृश्य तुकड्यातुकड्यांनी येते, आणि ते तुकडे सांभाळायला मनाला जागा लागते. ती जागा म्हणजे घडीभराची आठवण, पुस्तकातली अल्पकालीन स्मृती. ही ओंजळ फार लहान असते बरं का! अमेरिकेतील जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिचे माप सात गोष्टींच्या आसपास सांगितले. २००१ साली नेल्सन कोवन यांनी ते चारांवर आणले.

घरी एक प्रयोग करून पाहा. अंगणात नऊ खडे विखरून मांडा. चार खड्यांना एकामागून एक बोट लावा आणि मुलाला त्याच क्रमाने लावायला सांगा. जमले तर पाच, मग सहा. माँट्रियलमध्ये फिलिप कॉर्सी यांनी १९७२ साली आपल्या प्रबंधासाठी नऊ ठोकळे घेऊन हीच परीक्षा केली. मोठ्या माणसांची मजल बहुधा पाच-सहांपर्यंत जाते. आता मधल्या वेळात मुलाला इकडून तिकडे हलणाऱ्या कंदिलाकडे पाहत राहायला सांगा. क्रम विस्कटण्याची शक्यता वाढते. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनच्या संशोधकांनी २००३ साली दाखवले, की जागा लक्षात ठेवण्याच्या कामात हात हलवण्यापेक्षा डोळे हलवल्याने अधिक बिघाड होतो. जागेची आठवण आणि नजरेची वाट, दोन्ही एकाच दाव्याला बांधलेली आहेत म्हणा ना.

मग एवढ्याशा ओंजळीवर संसार चालतो कसा? इथे ओळखीची जागा मदतीला येते. चेस आणि सायमन या दोघांचा १९७३ सालचा बुद्धिबळाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला, की निष्णात खेळाडू बहुतेक मोहरी पुन्हा जागच्या जागी मांडी. नवख्याला थोडीच आठवत. पण तीच मोहरी कशीही विखरून ठेवली तेव्हा दोघांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. निष्णाताची ओंजळ मोठी नव्हती. त्याला एकेका मोहऱ्याऐवजी ओळखीचा घोळका दिसत होता. आपल्या गोठ्यावर एक नजर टाकून कोणते जनावर परतले नाही ते सांगणारा शेतकरी दुसऱ्याच्या गोठ्यात गोंधळतो, तो याच कारणाने. घरची बाई अंधारातही फडताळातला हिंगाचा डबा काढते. सुनेने मांडणी बदलली, की दोन दिवस चिडचिड चालते. ती चिडचिड उगाच नसते!

आता आपल्या मुलाकडे वळू. विचारलेल्याचे स्मरण करताना माणसाची नजर ती गोष्ट जिथे पाहिली किंवा ऐकली होती त्या जागी जाते, जागा रिकामी असली तरी. रिचर्डसन आणि स्पिव्ही यांना २००० साली असे आढळले, पण त्यामुळे उत्तरे सुधारली नव्हती. पुढे २०१४ साली स्वीडनमधील प्रयोगात मूळ जागेकडे पाहणाऱ्यांना अधिक आठवले. फायदा आहे, पण त्याचा फार गाजावाजा करण्याजोगा नाही. याहून मोलाचा पुरावा नजर वळवण्याचा आहे. माणसाचा चेहरा वाचायला मनाला बरेच श्रम पडतात, आणि गुरुजींचा रागावलेला चेहरा तर विचारूच नका. स्कॉटलंडमधील स्टर्लिंगच्या संशोधकांनी पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर बाजूला न्यायला शिकवले. त्यांची उत्तरे सुधारली. ते काम २००६ साली प्रसिद्ध झाले. "माझ्याकडे बघून सांग" हा आपला आग्रह शिस्तीचा असेल, पण आठवणीच्या आड येतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, फळ्याविषयी एक सांगायचे राहिले. रोचेस्टर विद्यापीठात रंगीत ठोकळ्यांचा नमुना पाहून तसाच नमुना रचायला दिला होता. निष्कर्ष १९९५ साली छापले गेले. माणसे एकेका ठोकळ्यासाठी पुष्कळदा दोनदा मूळ नमुन्याकडे पाहत: एकदा रंगासाठी, एकदा जागेसाठी. लक्षात ठेवण्यापेक्षा पुन्हा पाहणे त्यांना स्वस्त वाटे. फळ्यावरून उतरवून घेणारे मूल हेच करते. मान वर, मान खाली, पुन्हा वर. दर वेळी आपण कुठे होतो ते त्याला शोधावे लागते. तेव्हा ओळी सुट्या लिहा, त्यांना आकडे घाला, रोजची तारीख आणि रोजचा गृहपाठ फळ्याच्या ठरलेल्या कोपऱ्यातच ठेवा, आणि शेवटच्या बाकावरचे पोर मान खाली घालून लिहीत असेल तोवर डस्टर हातात घेऊ नका.