पर्यंत, पेक्षा आणि इंग्रजीचा तास

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय सर, बाई आणि १९९६च्या दहावीच्या बॅचच्या पोट्ट्या-पोट्ट्यांनो,

आयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कॉम्प्युटरवर काहीतरी बोल.’ त्यावर बोलणारे आता चौकाचौकात भेटतात. मी इंग्रजीच्या तासावर बोलणार आहे. घाबरू नका, प्रश्न विचारणार नाही.

आपण १९९०च्या जूनमध्ये पाचवीत आलो आणि एबीसीडी गिरवायला लागलो. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आपण वरूड सोडून पांगलो होतो. म्हणजे बोलायला शिकून आठ-नऊ वर्षं झाल्यावर ही भाषा आपल्या समोर आली, आणि तोपर्यंत आपल्या डोक्यात वऱ्हाडी पक्की बसली होती. शाळेले जातो, सोमवारले येतो, सरले सांगतो, पोराले ताप आला. एका ‘ले’वर आपला संसार चालायचा. इंग्रजीत गेलं की शाळेला ‘टू’, सोमवारला ‘ऑन’, सरांना सांगताना ‘टेल’च्या पुढे काहीच नाही, आणि पोराचा ताप तर ‘हॅव’ लावून त्याच्या मालकीचा करून टाकायचा. आपण विचारलं की सर म्हणायचे, “प्रिपोझिशनला नियम नाही, पाठ करा.” मग आपण पाढ्यांसारखं म्हणायचो: लिसन टू, लाफ अॅट, अफ्रेड ऑफ, डिपेंड ऑन. सर, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. साठ पोरांच्या वर्गात दुसरं काय करणार होता?

आठवीतला एक तास मात्र मला विसरता येत नाही. सरांनी भाषांतराला वाक्य दिलं, ‘सीतेचं लग्न रामाशी झालं.’ माझ्याच बेंचवरची मैत्रीण उभी राहिली आणि म्हणाली, “सीता वॉज मॅरीड विथ राम.” वर्ग गप्प होता. हसले ती मी. मला ‘टू’ माहीत होतं, कारण दादाच्या गाइडमध्ये आदल्या रात्री वाचलं होतं. मी हसले म्हणून बाकीचे हसले. त्यानंतर इंग्रजीच्या तासाला तिनं हात वर केलेला मला आठवत नाही. दहावीला तिचा एकच विषय राहिला, तो इंग्रजी. मी अमरावतीला इंजिनिअरिंगला गेले.

आता वाटतं, तिचं डोकं बरोबर चाललं होतं. आपण कुणाशी बोलतो, कुणाशी भांडतो, कुणाशी लग्न करतो. भांडणाला इंग्रजीत ‘विथ’ चालतं, मग लग्नालाच का नाही, हे कोणत्याही शहाण्या माणसाला पटणार नाही. तीच गत ‘वर’ची. आपण कुणावर रागावतो, त्याला तिकडे ‘अँग्री विथ’. कुणावर प्रेम करतो, तिथे ‘लव्ह’ला काहीच लागत नाही. विश्वास ठेवायचा तर ‘बिलीव्ह इन’. सगळ्या यादीत ‘अवलंबून’ एवढंच ‘ऑन’शी गुण्यागोविंदानं जुळलं. आणि ‘डिस्कस अबाउट’? ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकते, कधी स्वतःच्याच तोंडून. आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, म्हणून ‘अबाउट’ येतो. गंमत म्हणजे ‘डिस्कशन’ या नामाला ‘अबाउट’ चालतो, ‘डिस्कस’ या क्रियापदाला चालत नाही.

अशा चुकांनी कुणाचं नुकसान होत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते. मग ‘पर्यंत’नं मला गाठलं. नोकरीची सातेक वर्षं झाली होती. परदेशातल्या एका ग्राहकाची जुनी यंत्रणा शुक्रवारी कायमची बंद करायची होती. मी मेल लिहिला. मनात होतं, ‘संध्याकाळी सहापर्यंत आम्ही ती बंद करू.’ लिहिताना ‘पर्यंत’चं ‘टिल’ केलं. तिकडे पाहिजे होतं ‘बाय’. ‘बाय सिक्स’ म्हणजे सहा वाजायच्या आत काम उरकेल. ‘टिल सिक्स’ म्हणजे सहापर्यंत बंद राहील, नंतर चालू. त्यांनी तसंच वाचलं आणि महिन्याअखेरची सगळी बिलं रात्री त्याच यंत्रणेवर लावून दिली. नऊ वाजता फोन आला. ती रात्र आणि पुढचे दोन दिवस कसे गेले ते सांगत नाही. माझा साहेबही मराठी होता. मेल त्यानं जाण्याआधी वाचला होता आणि त्याला काही खटकलं नव्हतं, कारण मला जे म्हणायचं होतं ते त्याला लख्ख कळलं होतं. दोन मराठी डोक्यांनी तपासलं, दोघांनाही ‘पर्यंत’च दिसला.

पण उलटंही आहे, आणि ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. नवीन पोरं ‘इन्क्रीज बाय’ आणि ‘इन्क्रीज टू’ यात गोंधळतात. मर्यादा दहानं वाढवायची असते, ते दहावर नेऊन ठेवतात. मी त्यांना आपल्या संत्रा मार्केटातलं सांगते. भाव दोनशेनं चढला आणि भाव दोनशेवर चढला, यातला फरक माझ्या बाबांना कुणी शिकवला नव्हता. बगीचा झाडावरच विकायला काढलेल्या माणसाकडून तिथे चूक होत नाही. ‘नं’ म्हणजे बाय, ‘वर’ म्हणजे टू. एवढं फळ्यावर लिहिलं असतं तर आपल्याला इंग्रजी थोडी कमी परकी वाटली असती.

आता ‘पेक्षा’. मराठीत विशेषण जागचं हलत नाही. रामापेक्षा शाम मोठा. ‘मोठा’ तसाच, सगळं काम ‘पेक्षा’ करतो. आपल्या आज्या ‘माह्यापरीस मोठा’ म्हणायच्या, तिथेही तेच. म्हणून इंग्रजीतलं शेपटीचं ‘अर’ आपल्या कानाला तुलनेसारखं वाटतच नाही, आणि आपण वरून ‘मोअर’ लावतो: मोअर बेटर. माझ्या वहीत त्यावर लाल रेघ आहे, बाईंच्या हातची. मी तेव्हा विचारलं होतं, ‘बेटर’ला ‘दॅन’ आणि ‘सीनियर’ला ‘टू’ का? उत्तर मिळालं, अपवाद आहे. बाई, उत्तर मला फार उशिरा सापडलं. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे मूळ लॅटिन शब्द, तिथे ते तुलनेचेच होते. सीनियर म्हणजेच ‘जास्त वयाचा’. इंग्रजीनं ते तयार उचलले, म्हणून ‘मोअर’ही नको आणि ‘दॅन’ही नको.

यावर हसण्याआधी आपल्या निमंत्रणपत्रिकेत बघा. ‘शाळेचे ज्येष्ठतम शिक्षक’ असं छापलंय. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला ‘इष्ठ’ हा संस्कृतात ‘सर्वांत’ या अर्थाचा प्रत्यय आहे, इंग्रजीतल्या ‘ओल्डेस्ट’मधल्या ‘एस्ट’चा लांबचा भाऊ. वापरून वापरून झिजला आणि आपण त्यावर ‘तम’ चढवला. म्हणजे आपणही ‘मोस्ट ओल्डेस्ट’ छापलंय, तेही चार रंगांत.

माझी ती मैत्रीण आज इथे आहे. नाव घेत नाही, ती मला मारेल. तिची शेंदुरजनाघाटच्या रस्त्याला संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. मध्य प्रदेश, राजस्थानचे शेतकरी तिच्याकडे येतात आणि जंबेरीवरचं कलम बरं की रंगपूरवरचं, हे ती त्यांना हिंदीत समजावते. मागच्या वर्षी फोनवर मी तिला त्या तासाची माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुले ‘टू’ कायले लागते ते मालूम होतं का?” मी म्हटलं, नाही. “मंग हासली कायले?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. हे भाषण मी काल रात्री तिला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच दुरुस्ती सांगितली: ते वाक्य सीता आणि रामाचं नव्हतं, पार्वती आणि शंकराचं होतं.